मीडियाचे विद्यार्थी आहात आणि फिल्म बनवायला शिकायचंय? मग एडिटपासून सुरू करा

मीडियाच्या कोर्सला आलेला जवळपास प्रत्येक जण सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो, कॅमेरा कुठला घेऊ? माझं सांगणं एवढंच की हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेवा. हातात जो फोन आहे तो पुरेसा आहे. खरं शिक्षण एडिटला बसल्यावर होतं, कारण आपण शूटला काय काय घ्यायचं राहिलं, कुठला शॉट दोन सेकंद आधीच बंद केला, कुठे आवाज गेला, हे सगळं टाइमलाइनवर, म्हणजे एडिटच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप्स ओळीने लावतो त्या पट्टीवरच उघडं पडतं, सेटवर कधीच कळत नाही, सेटवर सगळं मस्तच वाटत असतं. म्हणून क्रम उलटा धरा. आधी कापायला शिका, मग आवाज, मग कॅमेरा आणि लाइट, आणि लिखाण मात्र या सगळ्याच्या बरोबरीने चालू ठेवा.

एडिटसाठी सॉफ्टवेअर कुठलं, यात फार वेळ घालवू नका. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विद्यार्थ्याला पुरून उरते, कॉम्प्युटर जुना असेल तर केडेनलाइव्हसारखं हलकं काहीतरी घ्या, पण एक घेतलं की निदान वर्षभर तेच वापरा. फुटेज कुठून आणायचं? सिनियर्सकडे मागा. त्यांच्या जुन्या प्रोजेक्टचे रशेस, म्हणजे शूटचं न कापलेलं फुटेज, कुठल्यातरी हार्ड डिस्कवर पडलेले असतात आणि नीट विचारलं तर बहुतेक जण देतात. तिघा-चौघांनी मिळून एकाच सीनचे तेच रशेस घ्यायचे, प्रत्येकाने एकमेकांना न विचारता आपापला कट करायचा आणि मग सगळे कट एका बैठकीत बघायचे. एकाचा सीन दीड मिनिटाचा होतो, दुसऱ्याचा तीनचा, एकाकडे सीनमधली मुलगी बिचारी वाटते आणि दुसऱ्याकडे तीच मुलगी खोटं बोलतेय असं वाटतं, आणि फुटेज मात्र तेच!

हे काही नवीन नाही म्हणा. रशियात लेव्ह कुलेशोवने 1920 च्या आसपास हाच प्रयोग केला होता, एका नटाचा तोच निर्विकार चेहरा घेऊन त्याच्या पुढे एकदा सूपचं भांडं, एकदा शवपेटी असे वेगवेगळे शॉट जोडले, आणि बघणाऱ्यांना दर वेळी त्या चेहऱ्यावर वेगळी भावना दिसली असं सांगतात. तुम्हीही करून बघा. मित्राचा दहा सेकंदांचा साधा चेहरा शूट करा, काहीही अभिनय न करता, आणि त्याला तीन वेगवेगळे शॉट जोडून तिघांना दाखवा. वर्गात ऐकून हे जेवढं कळतं त्याच्या कितीतरी पट जास्त एका संध्याकाळी हे केल्यावर कळतं.

आता एक सीन जरा जवळून बघू, कारण पुढेही मी याच सीनकडे परत परत येणार आहे. एक मुलगी बंद दारापाशी येते, बॅगेतून किल्ली काढते, कुलूप उघडते, आत जाते. एवढंच. दोन शॉट आहेत, एक लांबून पूर्ण माणूस दिसेल असा आणि एक हात आणि कुलूप यांचा क्लोज-अप. नवीन माणूस काय करतो, लाँग शॉटमध्ये ती दारापर्यंत येऊन थांबते तिथे कट म्हणतो, आणि क्लोज-अप सुरू करतो तेव्हा किल्ली आधीच हातात असते. एडिटला हे दोन तुकडे जोडले की झटका बसतो, मधली काहीतरी हालचाल गायब झाल्यासारखी वाटते. यावर उपाय असा की दोन्ही शॉटमध्ये अख्खी क्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत करून घ्यायची, म्हणजे एडिटरला हवा तिथे कट मारता येतो. मग लाँग शॉटमध्ये तिचा हात बॅगेत शिरत असताना, हालचाल अर्ध्यात असताना कट मारा आणि क्लोज-अपमध्ये तीच हालचाल पुढे चालू ठेवा. डोळा हालचालीच्या मागे जातो आणि कट दिसतच नाही. हाच कट तीन फ्रेम आधी मारून बघा, मग तीन फ्रेम नंतर मारून बघा. 24 फ्रेममध्ये एक सेकंद होतो, म्हणजे तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा आठवा भाग, तरीही फरक चक्क दिसतो. आणि हो, बॅग दोन्ही शॉटमध्ये त्याच खांद्यावर आहे ना हे बघायचं, किल्ली त्याच हातात आहे ना हे बघायचं, कंटिन्युइटी म्हणजे दुसरं काय.

पण कंटिन्युइटीच्या नादात सीनचा जीव घालवू नका. एडिटर वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष मांडलेत आणि त्यात भावनेला एकटीला 51 टक्के वजन दिलंय, माणसं त्या जागेत नेमकी कुठे उभी आहेत याच्या कंटिन्युइटीला फक्त 4. म्हणजे एकच शॉट पुन्हा पुन्हा घेताना एका टेकमध्ये ग्लास दोन बोटं सरकलाय पण त्या नटाने त्या टेकमध्ये जे केलंय ते पुन्हा कधीच झालं नाही, तर तो टेक घ्या. बघणारा ग्लासकडे बघत नसतो.

फिल्म्स बघण्याबद्दल सगळेच सांगतात, भरपूर बघा म्हणून. बघाच. पण रोज एक फिल्म बघून विसरण्यापेक्षा आठवड्यातून एकदा एकच तीन मिनिटांचा सीन घ्या, आवाज पूर्ण बंद करा आणि वहीत प्रत्येक शॉट लिहा, किती सेकंदांचा, किती जवळून, कॅमेरा हलतो की स्थिर, कट कशावर मारलाय. मग तोच सीन स्क्रीनकडे पाठ करून नुसता ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना ज्या गोष्टी कानावर येतात त्या बघताना कधीच जाणवलेल्या नसतात, लांबून जाणारी गाडी, शेजारच्या खोलीतला रेडिओ, आणि हे सगळं कुणीतरी मुद्दाम बसवलेलं असतं.

त्यावरून आवाज. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे कारण स्टुडंट फिल्म्स सगळ्यात जास्त इथेच मार खातात. चित्र थोडं धूसर असलं तर लोक चालवून घेतात, डायलॉग ऐकू आला नाही की लगेच हातात मोबाइल. कारण अगदी साधं आहे, माइक लांब असतो. माइक आणि तोंड यातलं अंतर दुप्पट झालं की बोलण्याचा आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो, पण खोलीतला घुमणारा आवाज आणि पंख्याची घरघर तेवढीच राहते, म्हणून कॅमेऱ्यावरच्या माइकने दोन-तीन मीटरवरून घेतलेला डायलॉग विहिरीतून आल्यासारखा वाटतो. महागडा माइक नसेल तर दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून वापरा, नटाच्या खिशात ठेवा किंवा फ्रेमच्या जेमतेम बाहेर, टेबलावर पुस्तकाच्या आड, आणि दोन्ही चालू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. टाइमलाइनवर त्या टाळीचा उंच टोकदार काटा दिसतो, दोन्हीकडचे काटे एकाखाली एक आणले की सिंक झालं. क्लॅप मारतात तो यासाठीच, वरची पाटी शॉट आणि टेक नंबर दिसण्यासाठी आणि तो ठक् आवाज सिंकसाठी.

रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झला ठेवा, लेव्हल अशी धरा की सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास जाईल, शून्य ही त्या मीटरची वरची हद्द. शून्याला टेकला आणि फाटला की तो आवाज नंतर नीट होत नाही. शूटच्या आधी खोलीत दोन मिनिटं गप्प बसून नुसतं ऐका. पंखा, एसी, फ्रिज, ट्यूबलाइटची गुणगुण, सगळं बंद करा. फ्रिज बंद केला तर आपल्या घराची किल्ली त्या फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे जाताना तो परत चालू करायचा विसरणार नाही, साउंडवाल्या मंडळींची ही जुनी युक्ती आहे आणि ती खरंच कामाला येते. आणि प्रत्येक लोकेशनवर निघण्याआधी सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून मिनिटभर त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करा, तिला रूम टोन म्हणतात. दोन डायलॉगच्या मधे जी भोकं पडतात ती याच आवाजाने भरायची असतात, पूर्ण शांतता टाकली तर कानाला लगेच खटकतं. युनिट थकलेलं असतं, सगळे वैतागतात, तरी घ्याच.

आता आपल्या कुलपाकडे परत या. त्या सीनमध्ये किल्लीचा आवाज शूटच्या वेळचा वापरू नका, शूट संपल्यावर माइक कुलपाच्या अगदी जवळ धरून तो वेगळा घ्या, दहा-बारा वेळा, हळू, घाईत, थरथरत्या हाताने. मग एडिटला क्लोज-अप यायच्या अर्धा सेकंद आधीच किल्लीची खुळखुळ सुरू करा, लाँग शॉट चालू असतानाच. आवाज आधी आणि चित्र नंतर, याला इंग्रजी J वरून ‘जे कट’ म्हणतात, आणि उलट म्हणजे चित्र बदललं तरी आधीच्या शॉटचा आवाज चालू राहिला तर L वरून ‘एल कट’. दोन माणसांच्या संवादात तर यांच्याशिवाय चालतच नाही, जो बोलतो त्याच्यावरच दर वेळी कट मारत गेलात तर सीन टेबल टेनिससारखा होतो, त्यापेक्षा वाक्य अर्धं झाल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जा, सीन बहुतेक वेळा तिथेच घडत असतो.

कॅमेऱ्याचं बोलायचं तर फोनवर चार गोष्टी पाळा. लेन्स पुसा, झूम करायचं असेल तर पायांनी पुढे जा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा नाहीतर कुणी समोरून गेलं की अख्ख्या फ्रेमचा उजेड वरखाली होतो, आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. मॅन्युअल कंट्रोल देणारं ॲप मिळालं तर फ्रेम रेट 24 किंवा 25 ला पक्का करा, कारण फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेम रेट मधेच कमीजास्त करतो आणि मग लांब टेकमध्ये वेगळा घेतलेला आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते, फ्रेम रेटच्या दुप्पट धरा, म्हणजे 24 किंवा 25 ला साधारण सेकंदाचा 1/50 भाग, तेव्हा हालचालीतला धूसरपणा डोळ्याला सवयीचा वाटतो. जिथे वीज 50 हर्ट्झची आहे तिथे याच शटरमुळे दिव्यांची लपलपही येत नाही, 60 हर्ट्झ असेल तिथे 1/60 धरायचं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेलं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, उन्हात 5600 केल्व्हिन आणि पिवळ्या बल्बखाली 3200 च्या आसपास.

पण सेटिंग येणं म्हणजे बघता येणं नव्हे. त्यासाठी एक सराव आहे तो मला सगळ्यात जास्त आवडतो. ल्युमिएर बंधूंनी 28 डिसेंबर 1895 ला पॅरिसमध्ये तिकीट लावून जो पहिला खेळ केला त्यातली प्रत्येक फिल्म जेमतेम 50 सेकंदांची होती, कारण त्यांच्या कॅमेऱ्यात साधारण 17 मीटरच रीळ मावायचं. एक शॉट, कॅमेरा स्थिर, कट नाही. तुम्हीही तसंच करा, 50 सेकंद, एकच शॉट, फोन स्टँडवर, पॅन म्हणजे कॅमेरा डावीउजवीकडे फिरवणं नाही, झूम नाही, म्युझिक नाही. फक्त आधी त्या जागी जाऊन अर्धा तास बसा आणि ठरवा की कॅमेरा कुठे ठेवला तर या 50 सेकंदांत काहीतरी सुरू होईल आणि काहीतरी पूर्ण होईल. बसस्टॉप, शाळा सुटण्याची वेळ, दुकानाचं शटर खाली येतंय. पहिले दोन-तीन कंटाळवाणे होतील, त्यानंतर फ्रेमच्या कडेकडून माणसं आत येतात आणि बाहेर जातात याचं भान यायला लागतं, मागे काय चाललंय आणि पुढे काय चाललंय हे एकाच वेळी दिसायला लागतं.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनीही पहिली मोठी फिल्म करायच्या आधी 1912 मध्ये एका कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो ते थोड्याथोड्या फ्रेम्सनी टिपून एक छोटी फिल्म केली होती, आणि पैसा लावू शकणाऱ्या माणसाला ती दाखवून आपल्याला हे तंत्र येतं हे पटवून दिलं होतं. वाटाणा! नट नाही, सेट नाही, कथा म्हणाल तर बीज फुटतं आणि वर येतं. आपल्याला काय जमतं हे दाखवायला एवढं पुरतं.

संवादाचा सीन घेताना दोन माणसांच्या मधून एक रेषा ओढली आहे असं धरा आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. मग एक जण कायम उजवीकडे बघतो आणि दुसरा डावीकडे, आणि ते एकमेकांशी बोलतायत असं वाटतं. रेषा ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघायला लागतात. आणि एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ जोडणार असाल तर कोन निदान 30 अंशांनी बदला किंवा शॉटची साइज ठळक बदला, नाहीतर चित्र उडी मारतं. हे नियम मोडता येतात, जरूर मोडा, पण एकदा पाळून एडिट करून झाल्यावर.

लाइटसाठी खिडकी. माणसाला खिडकीच्या बाजूला उभं करा, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरा, थर्माकोल जवळ आणा आणि लांब न्या, चेहऱ्यावरची सावली कशी उघडते आणि मिटते ते बघा. मग त्याच जागी काळं कापड धरून बघा. बाकी लाइट्स यातून आपोआप समजत जातात.

लिखाणाचं म्हणाल तर पहिल्या वर्षात तीन पानांच्या पुढे जाऊ नका. नेहमीच्या फॉरमॅटमध्ये पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणजे तीन मिनिटांची फिल्म, दोन पात्रं, एक जागा. आणि पटकथेत फक्त दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं. "ती आईशी भांडून आलीये आणि तिला घरात जायचं नाहीये" हे शूट करता येत नाही. "ती किल्ली कुलपात घालते. फिरवत नाही. आतून टीव्हीचा आवाज. ती किल्ली परत काढते, जिन्याच्या पायरीवर बसते, बूट काढते आणि पुन्हा घालते." हे करता येतं, आणि बघा, यात एकही डायलॉग लागला नाही. दोन मिनिटांच्या फिल्ममध्ये खून, स्वप्न, फ्लॅशबॅक आणि शेवटी आत्महत्या असं सगळं कोंबायचा मोह होतो, मी कळकळीने सांगतो, तो टाळा. एका माणसाला एक गोष्ट हवी आहे आणि ती मिळण्यात एक अडचण आहे, एवढ्यावर तीन मिनिटं सहज निघतात. लिहून झालं की मित्रांना मोठ्याने वाचायला द्या आणि स्वतः गप्प बसून ऐका. वाचणारा जिथे अडखळतो ते वाक्य नटालाही जड जाणार आहे.

नटांशी बोलताना भावना सांगू नका, काम सांगा. "अजून दुःखी हो" म्हटलं की तो चेहरा पाडतो, त्यापेक्षा "तिने निघून जाऊ नये म्हणून काहीही करून तिला बोलण्यात गुंतव" असं सांगा, मग त्याला करायला काहीतरी मिळतं.

सेटवर प्रत्येकाने प्रत्येक काम एकेकदा करा. सगळ्यांनाच डिरेक्टर व्हायचं असतं आणि बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरायला कुणी तयार नसतं, पण ज्याने चार तास बूम धरून ठेवलाय तो पुढे डिरेक्टर झाल्यावर साउंडवाल्याला कधी "चालेल रे" म्हणत नाही. रेकी करा, म्हणजे लोकेशन आधी जाऊन बघा, आणि ती शूटच्या वेळेलाच करा, सकाळी अकराला बघितलेली खोली संध्याकाळी पाचला वेगळीच असते, ऊन फिरलेलं असतं, खालच्या मजल्यावर क्लास सुरू झालेला असतो. शॉट लिस्ट काढा आणि त्यातले जे शॉट नसले तर सीनच उभा राहणार नाही त्यांच्यावर खूण करून ते आधी घ्या, कारण वेळ कमी पडतोच. कट म्हणायच्या आधी मनात तीन आकडे मोजा, टेकच्या शेवटी सोडलेली ती जागा एडिटला फार उपयोगी पडते. दिवस संपला की झोपायच्या आधी फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर जायलाच हवं, आणि शक्य असेल तर तिसरी कॉपी दुसऱ्या जागी. ती उघडून, दोन-चार क्लिप्स चालवून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

डॉक्युमेंटरीकडे कल असेल तर ज्याची मुलाखत घेताय त्याला आधीच सांगा की उत्तरात प्रश्नही येऊ दे, म्हणजे नंतर तुमचा आवाज कापता येतो. हो-नाही मध्ये उत्तर येईल असं विचारू नका. आणि त्याचं बोलून संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थोडं थांबा, माणूस बऱ्याचदा त्यानंतरच मनातलं बोलतो. मुलाखत कुठे दाखवणार हे सांगून लेखी परवानगी घ्या, समोरचा ओळखीचा असला तरी.

रफ कट, म्हणजे एडिटचा पहिला कच्चा खर्डा, तयार झाला की तो अशा दोघांना दाखवा ज्यांनी स्क्रिप्ट वाचलेली नाही आणि जे शूटला नव्हते. आधी काही समजावून सांगू नका. बघताना तुम्ही स्क्रीनकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा, कुठे चुळबुळ करतात, कुठे सावरून बसतात. संपल्यावर "आवडली का" असं विचारू नका, लोक हो म्हणतात आणि विषय संपतो. काय घडलं ते तुझ्या शब्दांत सांग, कुठे गोंधळ झाला, कुठे लांबलं, एवढंच विचारा आणि लिहून घ्या, वाद घालू नका. उपाय त्यांनी सुचवला तर तो मानलाच पाहिजे असं नाही, पण दोघंही एकाच जागी अडखळले असतील तर तिथे काहीतरी बिघडलंय हे नक्की, आणि बऱ्याचदा तो बिघाड त्या जागी नसून त्याच्या मिनिटभर आधी असतो, जिथे आपण एक माहिती द्यायला विसरलेलो असतो. मग दोन दिवस कटकडे बघू नका आणि त्यानंतर परत बसा.

म्युझिक शेवटी, आणि कमी. ओळखीचं गाणं उचलून टाकू नका, फेस्टिव्हलला पाठवताना हक्कांची कागदपत्रं मागतात आणि नेटवर टाकलं तर आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच काढून टाकतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे कलाकाराने काही अटींवर इतरांना वापरायला खुलं केलेलं म्युझिक घेताना लायसन्स वाचा, सीसी बाय (CC BY) असेल तर नाव दिलं की झालं, एनसी (NC) म्हणजे धंद्यासाठी नाही, आणि एनडी (ND), म्हणजे बदल करायचा नाही, असं लिहिलेलं असेल तर ते फिल्मला लावता येत नाही, कारण चित्राबरोबर सिंक करणं हा त्यात बदलच धरला जातो. त्यापेक्षा कॉलेजमध्ये कुणीतरी गिटार किंवा पेटी वाजवणारं असतंच, त्याला कट दाखवा.

आणि पोर्टफोलिओसाठी सगळ्या प्रोजेक्टमधले छान छान शॉट म्युझिकवर जोडून रील बनवायची घाई करू नका. काम देणाऱ्याला त्यातून तुम्ही नक्की काय केलंत ते कळत नाही. त्याऐवजी पूर्ण झालेल्या तीन छोट्या फिल्म्स ठेवा, प्रत्येकीखाली तुमचं काम एका ओळीत लिहा, एडिट केलंय तर एडिट, फक्त साउंड केलंय तर फक्त साउंड, आणि सबटायटल्स घालून ठेवा.